वाटण घरचं, मिरची भरपूर, तरी रस्सा कच्चट का लागतो?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. नोकरीसाठी घराबाहेर राहता, आईच्या हातच्या चिकन रश्श्याची आठवण येते, म्हणून दर रविवारी स्वतः वाटण करून रस्सा करून बघता. कांदा, सुकं खोबरं, आलं, लसूण, कोथिंबीर सगळं कच्चंच मिक्सरला एकत्र फिरवता, पाचेक मिनिटं तेलात परतता, तीन चमचे लाल तिखट घालता आणि पाणी ओतता. रस्सा जळजळीत होतो, पण रंग फिकट विटकरी, वर तर्री नाही, आणि जिभेवर कच्च्या लसणाचा उग्रपणा राहतो. तुम्ही विचारलंय की मिरची कुठली घेऊ आणि किती वाढवू. येत्या रविवारी सहा मित्र जेवायला येणार आहेत, त्यामुळे घाईही आहे.

मिरची वाढवू नका. तुमची अडचण वाटणातल्या पाण्याची आहे. ते पाणी आटायच्या आतच तुम्ही वरून आणखी पाणी ओतता, आणि तिथून पुढे कितीही तिखट घातलं तरी आग वाढते, चव वाढत नाही.

मी कोल्हापूरकडची. बावीस वर्षं खानावळ चालवली, रोज चाळीस-पन्नास माणसांचा तांबडा रस्सा केला. पहिल्या वर्षी माझ्याही रश्श्याचं नेमकं हेच झालं होतं. घरी सासूबाई पाट्यावर वाटायच्या, तेव्हा वाटण घट्ट, जवळजवळ कोरडं निघायचं. खानावळीसाठी मोठा मिक्सर घेतला. त्यात पाण्याशिवाय पातं फिरेना, म्हणून मी प्रत्येक भांड्याला पेलाभर पाणी घालत गेले. प्रमाण तेच, मिरची तीच, हातही तोच, पण रस्सा फिका आणि उग्र. आठवडाभर मी मसाल्याच्या डब्यात चूक शोधत होते. शेवटी सासूबाईंनी वाटण बोटावर घेऊन बघितलं आणि म्हणाल्या, "हे वाटण न्हवं, हे ताक झालंय." तेवढ्या एका वाक्यात मला उत्तर मिळालं.

कारण साधं आहे. भांड्यात जोवर पाणी आहे तोवर मसाल्याचं तापमान १०० अंशांच्या फारसं वर जात नाही, कारण सगळी उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. कांदा-लसूण-खोबऱ्याला जो खमंग, तपकिरी वास येतो तो साधारण १४० अंशांच्या पुढे. म्हणजे पाणी असेपर्यंत तुमचं वाटण परतलं जात नाही, नुसतं शिजतं. कांद्यात जवळजवळ नव्वद टक्के पाणीच असतं. तो कच्चा वाटून, वर मिक्सरचं पाणी घालून पाच मिनिटं परतलात, तर त्या पाच मिनिटांत पाणी गरम होऊन उडायला लागतं, एवढंच.

तर्रीचंही असंच. मिरचीचा लाल रंग आणि तिचा तिखटपणा, दोन्ही तेलात विरघळतात, पाण्यात जवळपास नाही. मिरची पाणीदार मसाल्यात पडली की रंग तेलाला धरत नाही, तिची पूड नुसती रश्श्यात तरंगत राहते. जिभेला ती भाजते, डोळ्यांना मात्र रस्सा फिकटच दिसतो. तुमच्या रश्श्याचं हेच होतंय.

म्हणून पाणी दोन टप्प्यांत काढायचं. थोडं वाटायच्या आधी भाजून, उरलेलं वाटल्यावर परतून.

आधी भाजणं. अर्धा किलो चिकनला, म्हणजे साधारण तीन माणसांना, मी दोन मध्यम कांदे, अर्धी वाटी सुक्या खोबऱ्याचे पातळ काप, दहा-बारा लसूण पाकळ्या, इंचभर आलं, एक मोठा चमचा तीळ, लहान चमचा खसखस आणि मूठभर कोथिंबीर घेते. खडा मसाला बेताचा: मोठा चमचाभर धने, लहान चमचाभर जिरे, सहा-सात मिरी, तीन लवंगा, बोटभर दालचिनी, एक मसाला वेलदोडा, दगडफुलाची एखादी पाकळी. यातला प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा, कारण प्रत्येकाला लागणारा वेळ वेगळा. खसखस आणि तीळ अर्ध्या मिनिटात होतात, खोबऱ्याला दोन-तीन मिनिटं मंद आच लागते, आणि पातळ उभा चिरलेला कांदा चमचाभर तेलात कडेने तपकिरी व्हायला बारा मिनिटंही घेतो. सगळं एकदम कढईत टाकलंत तर खोबरं करपेल आणि कांदा पांढराच राहील. करपलेल्या खोबऱ्याचा कडवटपणा पुढे कशानेही जात नाही. तसं झालं तर मन घट्ट करून ते टाकून द्या आणि नवीन घ्या, ती अर्धी वाटी वाचवायला जाऊन पूर्ण पातेलं वाया जातं.

इथे परिस्थितीवर बरंच अवलंबून आहे, तेही सांगते. उन्हाळ कांदा, म्हणजे मार्च-एप्रिलच्या सुमाराला निघून साठवणीत राहणारा, घट्ट आणि कमी पाण्याचा असतो, तो लवकर रंग धरतो. पावसाळ्यानंतर येणारा पोळ कांदा पाणीदार, त्याला तेवढ्याच आचेवर पाच-सात मिनिटं जास्त लागतात. भांडं पातळ बुडाचं असेल तर कांदा होण्याआधीच डाग पडतात. नॉनस्टिकमध्ये करपायची भीती कमी, पण तळाला चिकटून खरवडून निघणारा जो मसाला रश्श्याला दाटपणा देतो, तोही तिथे धरत नाही. लोखंडी कढई किंवा जाड बुडाचं पातेलं असेल तर तेच वापरा. त्यामुळे मी सांगते ते मिनिटांचे आकडे अंदाजाचे समजा आणि रंग व वास यांवर विश्वास ठेवा.

वाटताना सुकं आधी, ओलं नंतर. खोबरं, तीळ, खसखस आणि खडा मसाला कोरडाच फिरवून घ्या. सुक्या खोबऱ्यात साठ टक्क्यांहून जास्त तेलच असतं, ते सुटायला लागलं की मिश्रण आपोआप ओलसर होतं. मग कांदा, आलं, लसूण, कोथिंबीर घाला. कांदा भाजलेला असला की त्याच्याच ओलाव्यावर पातं फिरतं. अडलंच तर दोन-तीन चमचे पाणी, त्याहून जास्त नाही. थांबून थांबून फिरवा, मधे चमच्याने खाली ढकला. चमच्यावर घेतलेलं वाटण चमचा तिरका केला तरी गळता कामा नये.

आता मिरची. तुम्ही तिखट, रंग आणि चव या तिन्ही गोष्टी एकाच डब्यातून मागताय. एक मिरची तिन्ही देत नाही. ब्याडगी, कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्यातल्या ब्याडगी गावावरून जिचं नाव पडलं ती, सुरकुतलेली आणि गडद लाल. ती रंग देते, तिखट बेताचीच असते. लवंगी छोटी, तिखटाला जबरदस्त, रंगाला यथातथा. गुंटूरही तिखटाचीच. आमच्याकडे संकेश्वरीला मान, कारण तिच्यात रंग आणि तिखट दोन्ही बऱ्यापैकी जमून येतं. तुमच्याकडे जे लाल तिखट आहे ते बहुतेक नुसत्या तिखट मिरचीचं असावं, म्हणून तीन चमच्यांतही रंग आला नाही. या प्रमाणाला आठ ब्याडगी आणि तीन लवंगी, किंवा सहा ब्याडगी आणि चार संकेश्वरी घ्या. देठ काढून गरम पाण्यात वीस मिनिटं भिजवा, पाणी निथळून टाका आणि मिरच्या वेगळ्या, अगदी बारीक वाटा. तिखट कमी हवं असेल तर मिरची उभी फाडून आतला पांढरट गर काढून टाका. पुष्कळजण फक्त बिया झटकतात, पण तिखटपणा मुख्यतः त्या गरात असतो, बियांना तो गराला चिकटून असल्यामुळे लागतो.

मिरच्या मिळाल्या नाहीत तर दोन चमचे काश्मिरी किंवा ब्याडगीचं तिखट आणि पाऊण चमचा तुमच्याकडचं. पण पूड कडक तापलेल्या तेलात कधीही घालू नका. ती काही सेकंदांत काळी पडते, आणि घरभर ठसका लागतो. वाटण परतून तेल दिसायला लागलं की मगच घाला.

चिकन मी आधी वेगळं शिजवते. हळद, मीठ, थोडी आलं-लसूण पेस्ट चोळून, पळीभर तेलावर परतून, मग तीन-चार पेले गरम पाणी घालून वीसेक मिनिटं. याला आम्ही अळणी म्हणतो. याच अळणीतून आमच्याकडे पांढरा आणि तांबडा दोन्ही रस्से होतात. तुम्ही नळाचं गार पाणी ओतता त्या जागी ही गरम अळणी जाईल, आणि चिकन मसाल्यात अति शिजून चोथा होणार नाही.

आता परतणं. यासाठी वेळ राखून ठेवा, कारण रस्सा इथेच होतो किंवा बिघडतो. या प्रमाणाला पाच मोठे चमचे तेल घ्या. कमी तेलात तर्री येत नाही, हे मनाला पटवून घ्यावं लागतं. नको असेल तर शेवटी वरून काढून टाकता येतं, पण परतताना तेल हवंच. तेल तापलं की मिरचीचं वाटण घाला आणि मध्यम आचेवर दोन मिनिटं हलवा, तेल लाल होताना दिसेल. मग मोठं वाटण घाला.

पहिली चार-पाच मिनिटं फक्त कान द्या. चर्र असा ओला आवाज आणि भरपूर वाफ, म्हणजे अजून पाणी आहे. वासही त्या वेळी नाकाला झोंबणारा, कच्च्या लसणाचा असतो. तुम्ही बहुतेक इथेच पाणी ओतता. थांबा. हळूहळू वाफ कमी होते, आवाज बसका होतो, मोठे बुडबुडे जाऊन बारीक, जड बुडबुडे येतात. मसाला तळाला धरायला लागतो. त्या वेळी दोन चमचे गरम अळणी शिंपडायची, उलथन्याने तळ खरवडून तो मसाल्यात मिसळायचा आणि पुन्हा सुकू द्यायचा. हे तीनदा करते मी. दर वेळी मसाल्याचा रंग एक छटा गडद होतो. शेवटी सगळा मसाला गोळा होऊन भांड्याची कड सोडतो, कडेने लाल तेल दिसतं, आणि वास बदलतो. तो बदल शब्दांत नीट सांगता येत नाही, पण एकदा नाकाला कळला की जन्मभर विसरत नाही. नाकात जाणारी धार संपते आणि भूक लागते. भाजलेल्या वाटणाला याला पंधरा मिनिटं पुरतात. तुम्ही करत होतात तसं कच्चं वाटण असतं तर पंचवीस-तीस लागली असती, तीही सारखी हलवत.

तेल सुटलं की दोन चमचे कांदा-लसूण मसाला घाला, अर्धा मिनिट हलवा. त्यात मीठ असतं आणि अळणीतही आहे, म्हणून रश्श्याचं मीठ शेवटी चाखूनच. तो मसाला नसेल तर नुसतं धने-जिरे पूड आणि चिमूटभर गरम मसाला चालतो, फक्त चव थोडी वेगळी येईल.

मग चिकनसकट गरम अळणी. गरमच. खोबऱ्याचं तेल साधारण २४ अंशांच्या खाली गोठतं, त्यामुळे थंडीच्या दिवसांत गार पाणी पडलं की मसाला आखडतो, आणि उकळी परत यायला दहा मिनिटं जातात. एकदा खळखळून उकळी आली की आच बारीक करा आणि झाकण अर्धवट ठेवून दहा मिनिटं राहू द्या.

तर्री उकळत्या रश्श्यात दिसत नाही, हे लक्षात असू द्या. जोरात उकळताना तेल बारीक थेंब होऊन रश्श्यात मिसळलेलं असतं. आच कमी केल्यावर, आणि खरं तर गॅस बंद करून झाकून ठेवल्यावर ते वर येतं. पुष्कळजण उकळी बघून निराश होतात आणि वरून आणखी तेल घालतात. त्याची गरज नसते. दाटपणासाठी डाळव्याची पूड किंवा शेंगदाण्याचा कूट घालत असाल तर मात्र तो तेल धरून ठेवतो. तर्री हवी असेल तर ते टाळा, दाटपणाला खोबरं पुरतं.

हे सगळं घाटावरच्या रश्श्याचं झालं. तुमची आई मालवणकडची असेल तर वाटणात ओलं खोबरं असणार. त्यात पाणी बरंच असतं आणि ते इतकं करकरीत परतत नाहीत, आंबटाला कोकम येतं, रश्श्याचा रंगही वेगळा. खानदेशात कांदा-खोबरं पार काळपट होईपर्यंत भाजतात, तिथे तो काळा रंगच हवा असतो. आईला एक फोन करून विचारा की खोबरं ओलं की सुकं, आणि कांदा किती भाजते. या दोन उत्तरांतून तिच्या रश्श्याची निम्मी ओळख पटेल, आणि तिलाही बरं वाटेल.

मधेच चूक लक्षात आली तर काय करायचं तेही लिहिते, कारण रविवारी वेळ नसेल. रस्सा कच्चट लागला तर नुसतं जास्त उकळून उपयोग नाही. चिकन बाजूला काढा, रस्सा रुंद कढईत ओतून मोठ्या आचेवर आटवत न्या, पार घट्ट होऊन तेल दिसेपर्यंत, आणि मग पुन्हा गरम पाणी घाला. पंधरा-वीस मिनिटं जातात, पण रस्सा सुधारतो. तिखट जास्त झालं तर पाणी घालू नका, त्याने रस्सा पातळ होतो आणि तोंड तेवढंच पोळतं. वरची तर्री पळीने काढून घ्या, कारण तिखटाचा मोठा भाग तिच्यातच असतो, आणि थोडं नारळाचं दूध घाला. पानात दही किंवा ताक असू द्या. दुधातल्या प्रथिनांमुळे जिभेवरचा जाळ उतरतो, पाण्याने उतरत नाही.

वाटण आधी करून ठेवायचं असेल तर घट्ट, स्वच्छ डब्यात फ्रिजमध्ये तीन दिवस चांगलं राहतं, फ्रीझरमध्ये महिनाभर. पण लसणाचं वाटण तेलात बुडवून फ्रिजबाहेर ठेवायची पद्धत काहीजण सांगतात, ती करू नका. तेलाखाली हवा नसते, आणि हवेशिवाय वाढणारे बोट्युलिनम नावाचे जिवाणू तिथे विष तयार करू शकतात. त्याचा वास किंवा चव कळेलच असं नाही.

आता तुमचा रविवार. तुम्ही धरून सात माणसं, म्हणजे सव्वा किलो चिकन. वाटण अडीच पट करा, पण तेल दुप्पटच आणि मिरची पहिल्यांदा दुप्पटीच्या आतच ठेवा, कारण तिखट नंतर वाढवता येतं, कमी करणं कठीण. परतायला मात्र जास्त वेळ लागेल, कारण आटवायचं पाणीही अडीच पट आहे. अर्धा-पाऊण तास धरा, आणि शक्यतो रुंद भांडं घ्या. खोल पातेल्यात वाफ अडकते आणि वाटण परत शिजायला लागतं. रुंद भांडं नसेल तर दोन कढयांमध्ये विभागून परता आणि शेवटी एकत्र करा.

शनिवारी संध्याकाळी भाजणं आणि वाटणं उरकून घ्या. रविवारी दहाला वाटण फ्रिजमधून बाहेर काढा, अळणी चढवा, साडेदहाला परतायला घ्या. साडेअकराच्या सुमाराला रस्सा उकळत असेल. गॅस बंद केल्यावर पंधरा मिनिटं झाकण उघडू नका. वाढायच्या आधी वर आलेल्या तर्रीतली थोडी वाटीत काढून ताटांच्या मधोमध ठेवा, ज्याला जेवढं सोसेल तेवढी त्याने आपापल्या हाताने घ्यावी.